हैदराबादच्या लॉ फर्ममध्ये पहिली जागा: ओळखपाळख नसताना कशी शोधावी

नांदेड, लातूर, परभणी किंवा सोलापुरातून कायद्याची पदवी घेतलेल्या मुलामुलींच्या घरी पुढचा विचार सुरू झाला, की पुणे, मुंबई, संभाजीनगर ही नावं आपोआप येतात. हैदराबाद क्वचितच निघतं, आणि निघालं तर लगेच प्रश्न येतो: तिथं आपलं कोण आहे? नांदेडहून हैदराबाद मुंबईच्या निम्म्याहून जवळ आहे. हायकोर्टाचं काम इंग्रजीत चालतं. औषधनिर्मिती, सॉफ्टवेअर आणि जमीन-बांधकाम या तिन्ही क्षेत्रांतलं कायद्याचं काम तिथं भरपूर आहे. तेव्हा ओळखीचं कुणी नसताना या शहरात काम कसं शोधावं, ते क्रमाने पाहू.

आधी फर्मच्या बाजूने विचार करू. नव्या वकिलाला शिकवण्यात फर्मचं पहिलं वर्ष जातं. परगावचा अर्ज हाती आला की तिथल्या वकिलाच्या मनात दोन शंका येतात. हा मुलगा किंवा ही मुलगी सहा महिन्यांनी गावी परतणार तर नाही? आणि इथलं काहीच माहीत नसताना पहिल्या महिन्यात कोणतं काम हाती देता येईल? स्थानिक उमेदवारासाठी ओळखीचा कुणी तरी या शंकांची उत्तरं देतो. आपल्याला ती स्वतःच, कागदावर आणि अर्जातच द्यावी लागतात. पुढची प्रत्येक पायरी त्याचसाठी आहे.

ही वाट नवीन नाही. विवेक वर्धिनी ही मराठी शाळा 1907 साली हैदराबादेत उभी करणारे केशवराव कोरटकर परभणीकडच्या पुरजळ गावचे. आधी गुलबर्ग्यात आणि मग हैदराबादेत त्यांनी वकिलीत नाव कमावलं, पुढे तिथल्या हायकोर्टाचे न्यायाधीशही झाले. तेव्हा मराठवाडा आणि हैदराबाद एकाच संस्थानात होते. आज मध्ये राज्याची सीमा आहे, म्हणून कागदपत्रांपासून सुरुवात करू.

पहिला कागद सनद, म्हणजे वकिली करण्याचा परवाना. तो राज्याची बार कौन्सिल देते. सर्वांत मोठा गैरसमज इथंच असतो. महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलची सनद घेतली तर तेलंगणात काम करता येणार नाही, असं पुष्कळ जण धरून चालतात. वकील कायदा 1961 च्या कलम 30 प्रमाणे कोणत्याही राज्याच्या यादीत नाव असलेल्या वकिलाला देशभर वकिली करता येते. हे कलम प्रत्यक्षात लागू झालं 15 जून 2011 पासून. त्यामुळे सनद आधीच घेतली असेल तर ती घेऊन खुशाल जावं. मात्र परराज्यातल्या वकिलाच्या हजेरीबाबत प्रत्येक हायकोर्ट स्वतःचे नियम करू शकतं. स्वतःच्या नावाने वकीलपत्र दाखल करण्यापूर्वी रजिस्ट्रीत, म्हणजे हायकोर्टाच्या दाखल-नोंद कार्यालयात, एकदा विचारून घ्यावं.

सनद अजून घ्यायची असेल आणि हैदराबादला जाण्याचं पक्कं असेल, तर सरळ तेलंगण बार कौन्सिलकडेच अर्ज करावा. तिचं कार्यालय हायकोर्टाच्या आवारातच आहे. नोंदणीच्या नावाखाली पूर्वी निरनिराळ्या राज्यांत हजारो रुपये घेतले जात. सर्वोच्च न्यायालयाने 30 जुलै 2024 च्या निकालात सांगितलं, की कायद्यात लिहिलेल्या रकमेहून जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही. ती रक्कम सर्वसाधारण उमेदवाराला 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला 125 रुपये आहे. हे ठाऊक असलेलं बरं.

सनदेनंतर दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. नोंदणीनंतरची ही पात्रता परीक्षा बार कौन्सिल ऑफ इंडिया घेते. कायद्याची मूळ पुस्तकं सोबत नेता येतात, म्हणून तिची धास्ती नको. पण ती लांबणीवर टाकणं महागात पडतं. उत्तीर्ण झालेला उमेदवार फर्मच्या दृष्टीने पूर्ण वकील असतो, बाकी राहिलेला अर्धा.

आपण अजून शिकत असाल तर आपल्या हाती याहून सोपं साधन आहे. बार कौन्सिलच्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे इंटर्नशिप, म्हणजे वकिलांकडे प्रत्यक्ष काम शिकणं, करावीच लागते. त्यातले चार आठवडे हैदराबादेत करावेत. परक्या शहरात नोकरी मिळण्याचा याइतका खात्रीचा मार्ग मला दुसरा दिसत नाही, कारण त्या चार आठवड्यांत फर्मने आपल्याला काम करताना पाहिलेलं असतं.

आता कोणत्या प्रकारच्या जागेसाठी अर्ज करायचा ते ठरवू. ढोबळमानाने चार प्रकार आहेत. एक, एखाद्या नामांकित वकिलाचं कार्यालय, जिथं रोज कोर्टात उभं राहायला मिळतं. दोन, पाच-पंचवीस वकिलांची स्थानिक फर्म, जिथं कोर्टाचं आणि करारांचं असं दोन्ही काम असतं. तीन, देशभर पसरलेल्या मोठ्या फर्मची शाखा. सिरिल अमरचंद मंगलदास आणि लक्ष्मीकुमारन अँड श्रीधरन यांची कार्यालयं हैदराबादेत आहेत. चार, कंपनीचा विधी विभाग, म्हणजे कंपनीत राहून तिचंच कायद्याचं काम पाहणं.

चौथ्या प्रकाराकडे नीट लक्ष द्यावं. कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे वकिली थांबवावी लागते आणि तसं बार कौन्सिलला कळवावं लागतं. आपल्याला पुढे न्यायाधीशाची परीक्षा द्यायची असेल तर ही बाब आणखी महत्त्वाची होते. 20 मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. वकिली स्थगित ठेवलेला काळ त्यात धरता येणार नाही. पगार चांगला म्हणून कंपनीत गेलेल्यांना हे उशिरा कळतं.

फर्मांची यादी कशी करावी? वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे. बहुतेक फर्मांची वेबसाइट अगदी त्रोटक असते, आणि लहान फर्म जागा निघाल्याचं कुठे छापत नाही. म्हणून जागा रिकामी असल्याची सूचना दिसेल या आशेवर बसून राहू नये. तेलंगण हायकोर्टाच्या वेबसाइटवर रोजची कॉजलिस्ट येते. त्या दिवशी कोणत्या कोर्टात कोणती प्रकरणं चालणार, त्याची ही यादी. प्रकरणापुढे वकिलांची नावं असतात. दोनतीन आठवडे ती रोज वाचली की जमिनीच्या प्रकरणांत कोणाची नावं सारखी येतात, कर-वादात कोणाची, कंपन्यांच्या भांडणांत कोणाची, हे दिसू लागतं. ज्यांच्याकडे काम वाढतं आहे त्यांनाच माणूस हवा असतो. कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या, म्हणजे दिवाळखोरी आणि कंपन्यांचे वाद ऐकणाऱ्या न्यायपीठाच्या, हैदराबाद खंडपीठाची यादीही अशीच पाहावी. यातून शंभर नावं गोळा करू नयेत. वीस पुरे, पण प्रत्येक नावापुढे ती फर्म काय काम करते हे एका ओळीत लिहिता आलं पाहिजे.

मराठवाड्यातल्या उमेदवाराजवळ एक मोठी शिदोरी आहे, आणि तिची जाणीव फार थोड्यांना असते. हैदराबादच्या फर्मांत जमिनीचा मालकी शोध हे नव्या वकिलाचं नेहमीचं पहिलं काम असतं. मालकी शोध म्हणजे एखादी जमीन कुणाकडून कुणाकडे कशी आली, तिच्यावर कर्ज, वाद किंवा कुळाचा हक्क आहे का, हे जुन्या कागदांवरून तपासून अहवाल लिहिणं. शहराच्या पश्चिमेला गच्चीबावली आणि नानकरामगुड्याच्या बाजूला उभ्या राहिलेल्या इमारतींखालची जमीन कधी काळी शेती होती. तिचे कागद निजामाच्या राज्यापर्यंत मागे जातात.

आणि हे कागद आपल्या ओळखीचे आहेत. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्र प्रदेशात आणि कानडी जिल्हे म्हैसूरकडे. पण त्याआधी झालेले जमिनीचे कायदे जागच्या जागी राहिले. हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा 1950 मराठवाड्यात आजही लागू आहे. तेलंगणात त्याच्या नावात बदल झाले तरी मूळ कायदा तोच. संरक्षित कूळ, कलम 38-ई खालचं कुळाच्या मालकीचं प्रमाणपत्र, इनाम जमिनी खालसा होणं हे सारं दोन्हीकडे आहे. तेलंगणातला वकील जी 1954-55 ची खसरा पहाणी पहिल्यांदा मागतो, तिचं भावंड म्हणजे आपल्याकडचं खासरा पत्रक. सेतवार, पट्टादार, इनामदार, मक्ता या शब्दांसाठी दिल्लीहून आलेल्या उमेदवाराला शब्दकोश लागतो. आपण ते तहसील कार्यालयात ऐकत वाढलो.

ही शिदोरी दाखवायची कशी? गावाकडच्या वकिलाकडे काम करताना एखाद्या जमिनीचा सातबारा, फेरफार आणि खासरा पत्रक पाहून अहवाल लिहिला असेल तर तो अर्जात ठळक नोंदवावा. लिहिला नसेल तर घरच्या किंवा नात्यातल्या जमिनीचा एक अहवाल मुद्दाम तयार करावा. नंतर तेलंगणातली आजची पद्धत समजून घ्यावी. तिथं सातबारा नाही, पहाणी आणि पट्टादार पासबुक आहे. नोंदींसाठी 2020 मध्ये धरणी हे पोर्टल आलं आणि 2025 मध्ये त्याची जागा भू भारतीने घेतली. बोज्याचा दाखला, ज्याला तिथं सगळे ईसी म्हणतात, तो नोंदणी खात्याकडून मिळतो. एवढी तयारी मुलाखतीत दिसली की दुसऱ्या शंकेचं उत्तर मिळालेलं असतं. कोकण किंवा विदर्भातून येणाऱ्यांना हा आयता फायदा नाही. त्यांनी धनादेश न वटल्याची प्रकरणं, ग्राहक तक्रारी किंवा कंपन्यांचे करार यांपैकी एक विषय निवडून तसाच पक्का करावा, कारण त्यांचे केंद्रीय कायदे दोन्हीकडे सारखेच आहेत.

आता अर्ज. एकच मजकूर साठ पत्त्यांवर एकदम पाठवणं ही नेहमीची चूक. ते पहिल्या ओळीतच ओळखू येतं. पत्र फर्ममधल्या नेमक्या वकिलाच्या नावे, इंग्रजीत आणि एका पानाच्या आत असावं. पहिल्याच परिच्छेदात हैदराबाद का आणि कधीपासून हे सांगावं. ‘कुठेही काम करण्याची तयारी आहे’ हे वाक्य प्रामाणिक असलं तरी ते पहिली शंका वाढवतं. त्याऐवजी ‘1 जुलैपासून मी हैदराबादेत राहणार आहे, पुढची किमान तीन वर्षं इथंच वकिली करण्याचं ठरवलं आहे’ असं लिहावं, आणि अर्थातच ते खरं असावं. बहीण तिथं नोकरीला आहे, आजोळ बीदरकडचं आहे, असं काही कारण असेल तर तेही एका वाक्यात येऊ द्यावं. लाजू नये.

बायोडेटा दोन पानांहून मोठा नको. कॉलेजातल्या वक्तृत्व स्पर्धा शेवटी, केलेलं काम आधी. ‘कोर्टाचा अनुभव’ असं मोघम लिहिण्याऐवजी किती लेखी कैफियती तयार केल्या, कोणत्या न्यायालयात, कोणत्या विषयावर, ते लिहावं. सोबत लिखाणाचा एक नमुना जोडावा. इथं एक गंभीर चूक होते: अशिलाचं नाव, गट क्रमांक, रक्कम तशीच ठेवून खरा मसुदा पाठवला जातो. अशिलाची गोपनीयता मोडणारा उमेदवार कोणतीही शहाणी फर्म घेणार नाही. सगळी ओळख खोडूनच नमुना पाठवावा.

उत्तर न आल्यास दहाबारा दिवसांनी एकदा आठवण करावी. दुसऱ्यांदाही मौन असेल तर पुढच्या नावाकडे जावं. जागा मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला मात्र दारातूनच परत पाठवावं. खरी फर्म उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

ओळख नाही म्हणजे ओळख करता येणार नाही असं नाही. आपल्या कॉलेजचे माजी विद्यार्थी हैदराबादेत कुठे आहेत ते शोधावं आणि त्यांच्याकडे नोकरी न मागता पंधरा मिनिटांची माहिती मागावी: इथं नव्या वकिलाने सुरुवात कशी करावी, कोणत्या कार्यालयात शिकवतात, कुठे नुसते हेलपाटे घालायला लावतात. वशिला मागितला की माणूस आखडतो, सल्ला मागितला की मोकळा होतो. विवेक वर्धिनी आणि मराठी साहित्य परिषद यांसारख्या संस्थांभोवती पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहिलेली मराठी घरं आहेत. ती नोकरी देणार नाहीत, पण राहायची खोली, विश्वासाचा घरमालक आणि एखाद्या वकिलाचं नाव त्यांच्याकडून मिळू शकतं. ज्या शहरात पाठीशी कुणी नाही तिथं एवढाही आधार खूप असतो.

आठदहा ठिकाणांहून बरं उत्तर आलं की मगच भेटीसाठी जावं, आणि सगळ्या भेटी एकाच आठवड्यात ठरवाव्यात. वेळ नीट निवडावी. मे महिन्यात हायकोर्टाला उन्हाळी सुट्टी असते. संक्रांत आणि दसऱ्याच्या सुमारासही कोर्ट बंद असतं. जून-जुलैत गेलेलं चांगलं. मधल्या मोकळ्या वेळात मुसी नदीकाठच्या हायकोर्टात जाऊन बसावं. 1920 पासून कोर्ट त्याच देखण्या इमारतीत भरतं. कोणत्या वकिलाचे कनिष्ठ सहकारी तयारीनिशी उभे राहतात, हे तिथं प्रत्यक्ष पाहायला मिळतं.

मुलाखतीत ‘तेलुगू येतं का?’ हा प्रश्न येणारच. येत नसेल तर नाही म्हणावं, पण शिकायला लागल्याचं सांगता आलं पाहिजे. हायकोर्ट आणि न्यायाधिकरणांत इंग्रजीवर भागतं. खालच्या कोर्टात साक्षीदार तेलुगूत बोलतो, आणि अशील तेलुगूत किंवा दखनीत. निदान तेलुगू लिपी वाचता येईल इतकी तयारी आधीच करावी, म्हणजे दस्तावरचं गावाचं नाव आणि सर्वे नंबर दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागणार नाही. घरात कुणाला उर्दू वाचता येत असेल तर तीही शिकून घ्यावी. जुन्या दस्तांसाठी ती आजही लागते आणि जाणणारे कमी होत चालले आहेत.

काही ठिकाणी तिथंच बसवून मसुदा लिहायला देतात. धनादेश न वटल्याची नोटीस हा नेहमीचा नमुना. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून पैसे द्यायला 15 दिवस, त्यानंतर एका महिन्यात तक्रार, ही साखळी तोंडपाठ असावी. जुलै 2024 पासून लागू झालेल्या तिन्ही नव्या फौजदारी कायद्यांची कलमंही जुन्या कलमांशी जुळवून ठेवावीत.

जागा मिळाली की आनंदाच्या भरात अटी विचारायच्या राहतात. वकिली चालू ठेवणारा माणूस पूर्णवेळ पगारदार होऊ शकत नाही, म्हणून फर्म बहुधा पगाराऐवजी मासिक व्यावसायिक शुल्क देते. त्यातून सहसा 10 टक्के कर आधीच कापला जातो आणि तो विवरणपत्र भरल्यावर हिशेबात धरला जातो. भविष्यनिर्वाह निधी नसतो. म्हणून सांगितलेला आकडा कापून हातात किती येईल ते विचारावं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही, पण बोलताना तिचा आधार घेता येतो. वकीलपत्रावर आपलं नाव येईल का, कोर्टांत जाण्यायेण्याचा खर्च कोण देईल, सोडायचं झाल्यास किती आधी सांगायचं, हेही लेखी घ्यावं.

खर्चाचा प्रश्न क्षुल्लक नाही, कारण हैदराबादेत कोर्टं एका जागी नाहीत. फौजदारी न्यायालयं नामपल्लीला, रंगारेड्डी जिल्ह्याची एल. बी. नगरला, कंपनी कायदा न्यायाधिकरण नागोलपलीकडे बंडलागुड्याला, आणि मोठ्या कंपन्या थेट दुसऱ्या टोकाला. म्हणून घर फर्मच्या शेजारी शोधण्यापेक्षा मेट्रोच्या मार्गावर शोधावं. अमीरपेटला एल. बी. नगरकडे जाणारा आणि नागोल ते रायदुर्ग हा, असे दोन्ही मार्ग मिळतात, आणि तिथल्या गल्ल्यांत हॉस्टेलंही पुष्कळ आहेत. दीर्घ मुदतीचा करार मात्र लगेच करू नये. राजेंद्रनगरला हायकोर्टाच्या नव्या संकुलाची पायाभरणी मार्च 2024 मध्ये झाली आहे. कोर्ट तिकडे हललं की वकिलांची वस्तीही हळूहळू सरकेल.

महाराष्ट्राच्या सनदेवर आलेल्यांचा एक कागद अजून उरतो. वर्षभर काम करून इथंच राहायचं ठरलं, की वकील कायद्याच्या कलम 18 खाली नाव तेलंगणाच्या यादीत हलवण्याचा अर्ज बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे करता येतो. शिस्तभंगाची कारवाई चालू नसावी, आणि बदलीचं कारण खरं असावं. कायद्यानुसार या बदलीला शुल्क नाही. स्थानिक कल्याण निधी, बार कौन्सिलचं मतदान यांसाठी ती उपयोगी पडते. आधीच्या महिन्यांची वकीलपत्रं, हजेरीच्या आदेशांच्या प्रती आणि ज्येष्ठ वकिलांचं अनुभवपत्र पहिल्या दिवसापासून एका फायलीत लावत जावं. बदलीच्या वेळी आणि पुढे न्यायाधीशपदाच्या अर्जातही ते मागितले जातात, आणि तीन वर्षांनी एकदम गोळा करायला बसलं की निम्मे सापडत नाहीत.